ऊंसाच्या फडांतलीं मुलें आणि त्यांची शाळा

शाळेचें वर्ष जून महिन्यांत सुरू होऊन एप्रिलच्या अखेरीस संपतें, ही गोष्ट शहरांतल्या घरांत इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिचा कोणी निराळा विचार करीत नाहीं. पहिल्या पावसाबरोबर नवीं पुस्तकें यावयाचीं, दिवाळीच्या आधीं सहामाही परीक्षा व्हावयाची, आणि ऊन तापूं लागलें कीं वार्षिक परीक्षा आटोपून मुलें मोकळीं व्हावयाचीं, असा हा ठरलेला क्रम आहे. परंतु महाराष्ट्रांत याशिवाय दुसरेंही एक वर्ष चालतें. तें ऊंसाचें वर्ष. साखर कारखान्यांचा गळिताचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरांत सुरू होतो आणि मार्च-एप्रिलांत संपतो. शाळेचें वर्ष जेव्हां ऐन भरांत येतें, तेव्हांच ऊंसाचें वर्ष उगवतें. या दोन वर्षांच्या कात्रींत सांपडणाऱ्या मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था कशी होते, आणि कोठें अडते, हें समजून घेण्यासारखें आहे.

हीं मुलें ऊंसतोड कामगारांचीं. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या व आणखी कांहीं जिल्ह्यांतून दरवर्षीं लाखों माणसें कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणें, सोलापूर या बाजूंस व कर्नाटकांतही ऊंस तोडावयास जातात. त्यांतही बीड जिल्ह्याचा वांटा मोठा. बालाघाटच्या डोंगररांगेवरील पाटोदें, आष्टी, शिरूर कासार, धारूर, केज, वडवणी आणि शेजारचा पाथर्डी हे तालुके पर्जन्यछायेचे. जमीन हलकी, पाणी खोल, आणि पाऊस बेभरंवशाचा. खरिपाचें जें कांहीं यावयाचें तें आलें कीं पुढें सहा महिने हाताला काम नाहीं. उलट पश्चिमेकडे नदीकांठचा मुलूख कालव्यांच्या पाण्यावर ऊंसानें भरून गेला. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें प्रवरानगर येथें सहकारी साखर कारखाना निघाला आणि १९५० सालीं त्याचें गाळप सुरू झालें. पुढें अशा कारखान्यांची रांगच लागली. कारखान्यास वेळेवर ऊंस पाहिजे आणि डोंगराळ भागांतील माणसास काम पाहिजे, अशी ही गांठ पडली. १९७२ च्या दुष्काळानें ती आणखी घट्ट केली.

ही व्यवस्था कशी चालते तें थोडें पाहिलें पाहिजे, कारण मुलाची शाळा तिच्यांतच अडकलेली आहे. नवरा आणि बायको या जोडीस या धंद्यांत 'एक कोयता' म्हणतात, आणि एकट्या माणसास 'अर्धा कोयता'. कारखाना व कामगार यांच्या मध्यें मुकादम असतो. हंगामाच्या कित्येक महिने आधींच तो एकेका कोयत्यास आगाऊ रक्कम देतो. तिला 'उचल' म्हणतात. लग्नकार्य, आजारपण, बैलजोडी किंवा घरची चूल, अशा कोणत्या ना कोणत्या कामीं ती खर्चून गेलेली असते. मग हंगामभर ऊंस तोडून ती फेडावयाची. मजुरी दिवसावर मिळत नाहीं, तोडलेल्या ऊंसाच्या वजनावर, टनामागें मिळते. जोडप्यानें पहाटेपासून कोयता चालविला तर दिवसाकांठीं दीड-दोन टन ऊंस तुटतो. तोडावयाचा, वाढें छाटावयाचें, मोळ्या बांधावयाच्या, आणि गाडी केव्हां रात्रीं अपरात्रीं येईल तेव्हां त्या डोक्यावरून वाहून भरावयाच्या. उचल फिटली नाहीं तर बाकी पुढील हंगामावर चढते. अशा हिशेबांत घरांतील प्रत्येक हाताला किंमत येते, मग तो हात दहा वर्षांच्या मुलाचा कां असेना.

फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर कोप्या उभारतात. बांबू, चटया, ताडपत्री आणि पाचट यांचें हें घर. आईबाप अंधारांतच फडांत जातात. मागें राहिलेल्या कोपींत मोठी मुलगी धाकट्या भावंडांस सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. मुलगा बैलांचें वैरणपाणी पाहतो, वाढ्याच्या पेंढ्या बांधतो, मोळीसाठीं ऊंस गोळा करतो. या कामास कोणी काम म्हणत नाहीं आणि त्याची नोंदही कोठें होत नाहीं. १९८६ च्या बालमजुरीच्या कायद्याला २०१६ सालीं दुरुस्ती झाली, तेव्हां चौदा वर्षांखालील मुलांस कोणत्याही धंद्यांत कामास लावण्याची बंदी झाली. मात्र शाळेच्या वेळेनंतर घरच्या कामास हातभार लावण्याची मोकळीक ठेवली गेली. ज्या मुलास शाळाच नाहीं, त्याच्या बाबतींत 'शाळेच्या वेळेनंतर' या शब्दांस कांहींच अर्थ उरत नाहीं.

आतां नुकसानीचा हिशेब करूं. समजा, डोंगरावरल्या एका गांवची मुलगी चौथीच्या वर्गांत आहे. कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या वर्गांस वर्षांतून निदान २०० दिवस शिकविलें पाहिजे, आणि सहावी ते आठवीस २२० दिवस. ती जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत शाळेंत जाते. सणवार, पाऊस आणि शेतीची घाई वगळतां तिच्या वांट्यास फार तर नव्वद दिवस येतात. भागाकाराची तोंडओळख होते न होते तोंच कुटुंब निघतें. अपूर्णांक वर्गांत येतात तेव्हां ती फडावर असते. ती परत येते तेव्हां परीक्षा झालेली असते किंवा दारांत आलेली असते. पुढच्या जूनमध्यें पांचवींत दशांश अपूर्णांक समोर येतात, आणि ज्या पायरीवर त्यांनीं उभें राहावयाचें ती पायरीच तिच्याजवळ नसते. असें तीन वर्षें झालें म्हणजे मूल मंद आहे असा शिक्का बसतो. वास्तविक मूल मंद नसतें. त्याच्या शिक्षणाच्या भिंतींतून दरवर्षीं एकाच जागच्या विटा काढून नेलेल्या असतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. शिक्षणहक्काचा कायदा झाल्यापासून आठवीपर्यंत मुलास नापास करूं नये असा दंडक होता. २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीस परीक्षा घेण्याची मुभा राज्यांस मिळाली, तरी इतर वर्गांत मूल वर चढतच राहतें. हेतु चांगला होता. परंतु स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या बाबतींत त्यामुळें नुकसान कागदावर दिसेनासें होतें. पटावर नांव असतें, वर्ग वाढत जातो, आणि विद्या मात्र तिसरीपाशींच थांबलेली असते. गळती नोंदवहींत दिसूं लागते ती बारा-चौदा वर्षांच्या सुमारास, मुलगा स्वतःच 'अर्धा कोयता' झाला म्हणजे. ती सुरू झालेली असते त्याच्या कितीतरी आधीं.

कायदा या मुलांस विसरला आहे, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. २००२ सालीं राज्यघटनेंत ८६ वी दुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचें शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्या अन्वयें २००९ सालीं झालेला कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्यांतील कलम ९ प्रमाणें स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांस प्रवेश मिळवून देणें हें स्थानिक प्राधिकरणाचें कर्तव्य आहे. कलम ५ प्रमाणें एका शाळेंतून दुसऱ्या शाळेंत जाण्याचा मुलास हक्क आहे. मुख्याध्यापकानें दाखला ताबडतोब द्यावा, आणि दाखला येण्यास उशीर झाला या सबबीवर नव्या शाळेनें प्रवेश नाकारूं नये. कलम १४ सांगतें कीं वयाचा पुरावा नाहीं म्हणून मुलास परत पाठवितां येणार नाहीं. कलम ४ म्हणतें कीं मागें पडलेल्या मुलास वयानुरूप वर्गांत घ्यावें व इतरांच्या बरोबरीस येण्यासाठीं त्याला विशेष शिक्षण द्यावें. वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलासही दार बंद करतां येत नाहीं. एवढें सर्व असतां अडचण कोठें येते? कायदा हक्क देतो, परंतु तो हक्क मागावयास कोणी तरी शाळेच्या दारापर्यंत जावें लागतें. पहाटे चारला फडांत जाणाऱ्या बापास आणि मजुरी बुडेल या भीतीनें विश्रांतीही न घेणाऱ्या आईस तें जाणें कसें साधावें?

म्हणूनच आजवर जे उपाय झाले ते मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार, शाळाच मुलाकडे नेण्याचा. कारखान्याच्या तळावर, कोप्यांच्या वस्तींतच हंगामापुरती शाळा भरवावयाची. यांना 'साखरशाळा' असें बोलकें नांव पडलें. 'जनार्थ' या संस्थेनें ह्या शाळा चालवून दाखविल्या आणि इतर संस्था, कारखाने व सरकार यांचाही त्यांत हात लागला. शाळा कोपीपासून हांकेच्या अंतरावर असल्यानें धाकट्या भावंडास कडेवर घेऊन आलेल्या मुलीसही तेथें बसतां येई, हा तिचा मोठा गुण. परंतु टोळ्या एका जागीं राहत नाहींत. पुष्कळशा टोळ्या कारखान्याच्या तळावर न उतरतां दूरदूरच्या गांवीं फडांच्या कडेला विखुरलेल्या असतात. त्यांच्या मागें शाळा किती धांवणार? शिवाय हंगामी शिक्षक, एका खोलींत पांच वर्ग, आणि हंगाम संपतांच सर्व आटोपणें, या उणिवा होत्याच. शिक्षणहक्काचा कायदा आल्यावर प्रत्येक मूल नेहमींच्या शाळेंतच गेलें पाहिजे हा विचार पुढें आला आणि साखरशाळा कमी होत गेल्या.

दुसरा प्रकार, मुलास जेथें जाईल तेथल्या शाळेंत बसविण्याचा. यासाठीं महाराष्ट्रांत 'शिक्षण हमी पत्रक' निघालें. मूल गांव सोडतांना त्याच्या शाळेनें हें पत्रक द्यावयाचें, आणि नव्या ठिकाणच्या शाळेनें तें पाहून कसलेही आढेवेढे न घेतां मुलास वर्गांत घ्यावयाचें. ही कल्पना सरळ आहे आणि कायद्याच्या अक्षराशीं जुळणारीही आहे. अडचणी व्यवहारांतल्या. मुकादमाचा ट्रक रात्रीं येऊन टोळी उचलतो, तेव्हां पत्रक कोणाकडून घ्यावयाचें? फडापासून शाळा दोन-तीन कोसांवर असली आणि मध्यें ऊंसाच्या गाड्यांनीं भरलेला रस्ता असला, तर सात वर्षांच्या मुलानें एकट्यानें जावें कसें? वर्गांत गेल्यावर कपड्यांवरून, बोलीवरून आणि 'ऊंसतोड्याचा' म्हणून होणारी हेटाळणी निराळीच. जीं कुटुंबें कर्नाटकांत उतरतात त्यांच्या मुलांपुढें तर फळ्यावरचें अक्षरच परकें असतें. मराठी मुळाक्षरांशीं झटापट चालू असलेल्या मुलास कानडी वर्गांत बसविल्यानें हजेरी भरेल, शिक्षण होईलच असें नाहीं.

तिसरा प्रकार, मुलास गांवींच ठेवण्याचा. यासाठीं हंगामी वसतिगृहें चालतात. सरकार दर मुलामागें ठराविक रक्कम सहा महिने देतें आणि गांवची शाळा व्यवस्थापन समिति व्यवस्था पाहते. पुष्कळ ठिकाणीं मुलें दोन्ही वेळां शाळेंत जेवतात आणि रात्रीं आजीआजोबांकडे किंवा नातलगांकडे निजतात. शाळा तीच, गुरुजी तेच, भाषा तीच, आणि अभ्यासाचा धागा अखंड. म्हणून शिक्षणाच्या दृष्टीनें हा उपाय तिहींत उत्तम दिसतो. २०२१ सालीं याच्याही पुढें जाऊन संत भगवानबाबा यांच्या नांवानें ऊंसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. ४१ तालुक्यांत मुलांचें एक व मुलींचें एक, अशीं ८२ वसतिगृहें, आणि प्रत्येकीं शंभर विद्यार्थी, असा तिचा आराखडा ठरला. परंतु या प्रकारासही मर्यादा आहेत. हंगामी वसतिगृहाची मंजुरी व पैसा टोळ्या निघण्यापूर्वीं आला तरच त्याचा उपयोग. दिवाळीला निघालेल्या मुलासाठीं माघांत उघडलेलें वसतिगृह हें जेवण झाल्यावर वाढलेल्या पानासारखें आहे. दुसरें असें कीं, सहा वर्षांचें मूल सहा महिने आईवांचून ठेवणें ही कांहीं साधी गोष्ट नव्हे. आजी थकलेली असते. घरांत दुसरें कोणी नसतें.

मुलींच्या बाबतींत ही गोष्ट विशेष नाजूक होते. वयांत आलेली मुलगी मागें गांवीं कोणाच्या भरंवशावर ठेवावी, आणि बरोबर नेली तर दाराला कडी नसलेल्या कोपींत तिला दिवसभर एकटी कशी सोडावी, या पेंचांत सांपडलेले आईबाप पुष्कळदां तिचें लग्न उरकून मोकळे होतात. लग्न झालें म्हणजे नवा कोयता तयार होतो, त्याला नवी उचल मिळते. अठरा वर्षांखालील मुलीच्या लग्नास कायद्याची मनाई आहे. परंतु ज्या घरापुढें सुरक्षित जागेचा दुसरा पर्यायच नाहीं, त्या घरास केवळ मनाई सांगून भागत नाहीं. मुलींचें चांगलें, भरंवशाचें वसतिगृह ही येथें केवळ शिक्षणाची सोय राहत नाहीं. त्या मुलीचें पुढचें सारें आयुष्य त्यावर ठरतें.

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा आहे असें नाहीं. अमेरिकेसारख्या संपन्न देशांतही टेक्सासच्या दक्षिण भागांतून निघून पिकांच्या मागें उत्तरेकडे जाणाऱ्या शेतमजुरांचे तांडे आहेत. १९६० च्या नोव्हेंबरांत एडवर्ड मरो या वार्ताहरानें दूरचित्रवाणीवर त्यांच्या हालअपेष्टांचें चित्र दाखविलें, तेव्हां सुखवस्तु घरांस जेवणाच्या ताटामागची हकीकत कळली. १९६५ सालीं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं शालेय शिक्षणास मदत करण्याचा मोठा कायदा केला. हे जॉन्सन तरुणपणीं, १९२८ च्या सुमारास, टेक्सासमधील कोटुला या गांवीं गरीब मेक्सिकन वंशाच्या मुलांचे शिक्षक होते. १९६६ सालीं त्या कायद्यांत भर घालून फिरत्या शेतमजुरांच्या मुलांसाठीं स्वतंत्र तरतूद करण्यांत आली.

त्या योजनेंतील तीन गोष्टी येथें लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली, मुलांनीं शाळेकडे येण्याची वाट न पाहतां मजुरांच्या छावण्यांत जाऊन मुलें हुडकणारीं माणसें त्या योजनेनें नेमलीं. दुसरी, मूल एका जागीं स्थिरावलें तरी त्याची मदत लगेच तुटत नसे. स्थलांतरानंतर तीन वर्षांपर्यंत तें मदतीस पात्र राही, कारण मागें पडलेला अभ्यास एका हंगामांत भरून निघत नाहीं हें तेथें ओळखलें गेलें. तिसरी गोष्ट नोंदींची. अर्कान्सा राज्यांतील लिटल रॉक येथें या मुलांच्या नोंदींसाठीं एक संगणक केंद्र उभारण्यांत आलें. मुलाला कोणत्या लसी टोंचल्या आणि त्याचा अभ्यास कोठवर आला, ही माहिती मुलाच्या मागोमाग नव्या शाळेस मिळावी असा त्याचा हेतु. तें केंद्र १९९५ च्या सुमारास बंद झालें, कारण माहिती पोंचण्यास फार वेळ लागे अशी तक्रार होती. पुढें त्याची जागा नव्या व्यवस्थेनें घेतली. संगणक असला तरी माहिती वेळेवर भरणारें माणूस लागतें, हा धडा त्यांतून घ्यावयाचा.

महाराष्ट्रांतही २०१५ पासून 'सरल' या नांवानें विद्यार्थ्यांची संगणकीय नोंद सुरू झाली आणि प्रत्येक मुलास क्रमांक मिळाला. पण अशी नोंद सांगते ती मूल कोणत्या शाळेच्या पटावर आहे एवढेंच. त्याला हातच्याची वजाबाकी येते कीं नाहीं, जोडाक्षरें वाचतां येतात कीं नाहीं, हें नव्या गुरुजींस कळलें तर पहिल्या दिवसापासून शिकवितां येईल. पत्रकावर नांव, वय आणि इयत्ता यांच्या खालीं 'येथपर्यंत आलें आहे' अशा चार ओळी जुन्या शिक्षकानें लिहून दिल्या, तर तें पत्रक कितीतरी पटीनें कामाचें होईल. त्यास खर्च कांहीं नाहीं.

एकूण विचार करतां असें दिसतें कीं, तिहींपैकीं एकच उपाय सर्वांस लागू पडणार नाहीं. ज्या घरीं आजीआजोबा धडधाकट आहेत तेथें मूल गांवीं राहावें. थोरल्या मुलामुलींस वसतिगृह मिळावें. आणि आईबापांबरोबर जाणेंच ज्यांस भाग आहे अशा लहानग्यांसाठीं जवळच्या शाळेंत जागा व तेथवर नेण्याआणण्याची सोय असावी, नाहींतर तळावरच वर्ग भरावा. महत्त्वाचें आहे तें वेळापत्रक. दसऱ्यापूर्वीं कोणत्या गांवचीं कोणतीं मुलें कोठें जाणार याची यादी मुकादमांकडून घेतां येते, कारण उचल देतांना मुकादमाजवळ ती असतेच. जो कारखाना कोयते मोजतो त्यास त्यांच्या बरोबर आलेलीं मुलेंही मोजतां येतील. आणि हंगाम संपून टोळ्या परतल्या कीं उन्हाळ्याचे पांच-सहा आठवडे रिकामे असतात. हुकलेला भाग त्या अवधींत भरून काढण्याची सोय झाली, तर जूनमध्यें तें मूल वर्गांत खालीं मान घालून बसणार नाहीं.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा याच्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध रोजचा आहे. सकाळच्या चहापासून सणाच्या पक्वान्नापर्यंत जी साखर घरांत लागते, तिच्या किंमतींत ऊंसाचा भाव, तोडणी, वाहतूक आणि कारखान्याचा नफा हें सर्व धरलेलें असतें. त्या मुलाचें बुडालेलें वर्ष मात्र धरलेलें नसतें. तें तो स्वतः आयुष्यभर फेडीत राहतो. साखर सोडल्यानें हा प्रश्न सुटणार नाहीं, उलट कोयत्याचें काम मात्र जाईल. परंतु आपल्या जिल्ह्यांत हंगामी वसतिगृह कोणत्या महिन्यांत उघडलें, जवळच्या कारखान्याच्या तळावर किती मुलें आहेत आणि त्यांतलीं किती शाळेंत जातात, हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. कोपींतल्या आईला हे प्रश्न विचारावयास वेळ नसतो. ज्यांना वेळ आहे, लिहितां येतें आणि ज्यांचें पत्र कचेरींत वाचलें जातें, त्यांनीं ते दर ऑक्टोबरांत विचारीत राहिलें, तर टोळी गांवांतून निघण्यापूर्वीं वसतिगृहाची चूल पेटण्याची शक्यता पुष्कळच वाढेल.